थेंब कोणत्या नळीत पडतो?

रक्ताच्या विकाराने ग्रासलेल्या ज्येष्ठांच्या घरी तपासणी-अहवालांची जी थप्पी साठते, तिच्यात 'फ्लो सायटोमेट्री' ही अक्षरे बहुधा आढळतात. शेजारच्या काकूंनी असाच एक अहवाल माझ्यापुढे ठेवला. तो त्यांच्या यजमानांचा होता. "यात त्या वाईट पेशी ओळखल्या आहेत ना? मग ओळखलेल्या पेशी वेचून काढून का टाकत नाहीत, डॉक्टर?" त्यांनी विचारले. वरवर भाबडा वाटणारा हा प्रश्न मला नीट उत्तर देण्याजोगा वाटला. कारण पेशी वेचून काढणारे यंत्र खरोखरच अस्तित्वात आहे.

अहवालातील तपासणीत पेशींची केवळ ओळख पटवली जाते. पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक प्रथिनांना चिकटणारी, चकाकणाऱ्या रंगद्रव्याशी जोडलेली प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. पेशी एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात, कोणती कोणत्या रंगाने चमकली याची नोंद होते आणि तपासलेला द्रव टाकाऊ बाटलीत जातो. पेशी निवडून बाजूला काढणारा 'सेल सॉर्टर' हा याच यंत्राचा थोरला भाऊ. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संशोधनसंस्थांत तो असतो. रुग्णालयाच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत सहसा नसतो.

त्याचे मर्म घरातल्या नळाखाली पाहता येते. नळ अगदी बारीक सोडावा. वरची धार सलग असते, खाली जाता जाता तिचे थेंब होतात. अभिषेकपात्रातून पडणाऱ्या धारेचेही असेच होते. आता प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून दहा-बारा वेळा फिरवून धारेजवळ न्यावा. धार कंगव्याकडे वाकते. नातवंडांना दाखवण्यासारखा हा खेळ आहे. (केसांना तेल लावलेले नसावे, आणि ऐन पावसाळ्यात तो फसण्याचीच शक्यता अधिक. दमट हवेत कंगव्यावरचा विद्युतभार टिकत नाही.)

यंत्रातली धार केसाएवढी, म्हणजे सुमारे 70 ते 100 मायक्रॉन जाडीच्या छिद्रातून निघते. एक स्फटिक त्या छिद्राला सतत कंपने देतो, त्यामुळे धार ठरल्या जागी, सारख्या अंतराने तुटते. बारीक छिद्र आणि जास्त दाब असेल तर सेकंदाला 90,000 च्या आसपास थेंब पडतात. हवी ती पेशी लेसरसमोरून गेली की यंत्र तिची वाट पाहते. तिला सामावणारा थेंब धारेपासून सुटण्याच्या नेमक्या क्षणी संपूर्ण धारेला विद्युतभार दिला जातो. थेंब सुटला की तो भार त्याच्यातच अडकून राहतो. पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना धनभारित थेंब एकीकडे, ऋणभारित दुसरीकडे वळतो आणि आपापल्या नळीत पडतो. भार नसलेला सरळ खाली जातो.

ही कल्पना मुळात शाईची. स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी शाईचे थेंब विजेने वळवून कागदावर नोंद उमटवण्याची युक्ती काढली होती. न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांच्यापुढे वेगळाच पेच होता. तांबड्या पेशींचे आकारमान मोजताना आलेखावर दोन उंचवटे दिसत. मग तांबड्या पेशी दोन जातींच्या असतात की काय? पेशी आकारानुसार वेगळ्या करण्यासाठी त्यांनी स्वीट यांची युक्ती उचलली आणि 1965 साली माणसाच्या व उंदराच्या एकत्र केलेल्या तांबड्या पेशी निराळ्या करून दाखवल्या. आलेखावरचे दोन उंचवटे मात्र पेशींचे नव्हते, मोजणीचे होते, असे निष्पन्न झाले. चार वर्षांनी स्टॅनफर्डमध्येच लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने आकाराऐवजी चकाकीवरून निवड करणारे यंत्र सिद्ध केले.

तेव्हापासून आजपर्यंतची सुधारणा प्रामुख्याने एकाच शंकेभोवती फिरत आली आहे: भार योग्य थेंबालाच मिळाला का? एका थेंबाच्या वाट्याला सेकंदाचा लाखावा भाग येतो. खोलीचे तापमान बदलले, हवेचा बुडबुडा आला, मृत पेशींचा गठ्ठा छिद्रापाशी अडला, की धार तुटण्याची जागा किंचित सरकते. एवढ्यानेही भार शेजारच्या थेंबाला मिळतो. हवी ती पेशी वाया जाते आणि नळीत नको ती पडते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चुकलेले दिसत नाही. पूर्वी तंत्रज्ञ काचपट्टीवर चकाकते मणी पाडून, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ही वेळ जुळवीत आणि मधून मधून पुन्हा तपासत. आता कॅमेरा तुटण्याच्या जागेवर अखंड लक्ष ठेवतो, कंपने कमी-जास्त करून ती जागा टिकवतो आणि ते जमले नाही तर निवड थांबवतो. माझ्या मते या यंत्रातील सर्वांत मोलाचा गुण वेग नसून हे वेळीच थांबणे होय.

दुसरी अडचण अधिक खट्याळ. नुकताच सुटलेला भारित थेंब मागून येणाऱ्या थेंबावर उलट प्रकारचा थोडासा भार उमटवतो. त्यामुळे सगळे थेंब एका रेषेत न पडता पिसाऱ्यासारखे पसरतात आणि काही नळीच्या काठावर आदळतात. आधीच्या थेंबांचा हिशेब ठेवून पुढच्याला किंचित कमी-अधिक भार देणे, हा त्यावरचा उपाय. शिवाय हे सारे खारट पाण्यात चालते. त्याचा शिंतोडा पट्टीवर उडाला तर ठिणगी पडते, म्हणून पट्ट्या पुसून कोरड्या ठेवण्याचे साधे काम आजही कोणाला तरी करावेच लागते.

या काटेकोरपणाचे फळ मोठे आहे. 1988 मध्ये अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने उंदराच्या अस्थिमज्जेतून रक्त घडवणाऱ्या मूलपेशी अशाच निवडून काढल्या. पुढे टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने तीव्र रक्तकर्करोगात रोगाला पुन्हा जन्म देऊ शकणाऱ्या मोजक्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या. नळीत शेजारची पेशी पडली असती, तर या निष्कर्षांवर विश्वास कसा ठेवला असता?

काकूंना मी कागदावर गणित करून दाखवले. निरोगी प्रौढाच्या रक्तात पांढऱ्या पेशी ढोबळमानाने 35 अब्ज. यंत्राने सेकंदाला 20,000 पेशी पाहिल्या, तरी अखंड वीस दिवस लागतील. अस्थिमज्जेतल्या पेशी निराळ्याच, आणि तिथे रोज नव्या तयार होत राहतात. म्हणून वेचणे यंत्राकडे राहते ते अभ्यासापुरते, आणि संपूर्ण शरीरभर पोहोचण्याचे काम औषधांकडे जाते. प्रत्यारोपणासाठी मोठ्या संख्येने पेशी निवडायच्या असतात, तेव्हाही बहुधा चुंबकीय कणांची पद्धत वापरतात.

त्यावर त्यांनी पिशवीतून एक जाहिरात काढली. "यंत्राने शुद्ध केलेल्या मूलपेशी" गुडघेदुखीपासून कंपवातापर्यंत सर्वांवर गुणकारी, असा तिच्यात दावा होता. रक्तविकारांतील मान्यताप्राप्त प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा असा वापर नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीबाहेर करू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मान्यता विचारा, आणि चाचणीच्या नावाखाली पैसे मागत असतील तर तेथून निघून या, असे मी सांगितले. जाहिरातीवर तो क्रमांक नव्हता. काकूंनी ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि पुढच्या तपासणीचा नमुना किती वाजेपर्यंत पोहोचवायचा, हे विचारले. सकाळी, प्रयोगशाळेने दिलेल्या नळीत, तिने सांगितलेल्या वेळेच्या आत, आणि फ्रीजमध्ये ठेवायचा की नाही हे तिलाच विचारून, असे मी त्यांना लिहून दिले.