एकच कॅमेरा, एकच भिंग

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल मिळवायचे, तर आधी काही करून दाखवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता, थांबून थांबून एकेक चौकट टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. भांडवलही मिळाले!

जळगाव जामोद हा कपाशीचा मुलूख. तिथे आपण सरकी पेरू. दर अर्ध्या तासाला एक फोटो, म्हणजे दिवसाला ४८, दहा दिवसांत ४८०. सेकंदाला १६ दाखवले, की दहा दिवस ३० सेकंदांत सरतात. (रात्री दिवा लागेल.) मोबाइल चालेल, पण झूमला हात लावायचा नाही. भिंग किंवा अंतर बदलले, तर रोप वाढले की कॅमेरा जवळ आला, हे कळणारच नाही. शेजारी फूटपट्टी उभी ठेवा.