मोबाइल-वियोगाची भीती आणि विद्यार्थी

मोबाइल घरी विसरला, त्याची बॅटरी संपली किंवा संपर्कक्षेत्र सुटले की मनाला जी बेचैनी जाणवते तिला ‘नोमोफोबिया’ म्हणतात. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने २००८ मध्ये करविलेल्या पाहणीतून हा शब्द रूढ झाला. त्या पाहणीत सुमारे ५३ टक्के मोबाइलधारकांमध्ये अशी चिंता आढळली होती.

एक नव्हे, चार भीती

अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील चागलार यिल्दिरिम व आना-पाउला कोरेइया या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या आधारे २०१५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत २० विधाने असून प्रत्येकास १ ते ७ गुण द्यावयाचे असतात. एकूण गुण १०० किंवा अधिक झाल्यास भीती तीव्र मानली जाते. या भीतीचे चार घटक त्यांनी दाखविले: आप्तेष्टांशी बोलता न येणे, इतरांशी असलेले नाते तुटल्यासारखे वाटणे, माहिती हाताशी नसणे आणि सोयीला मुकणे.

तुर्की, स्पॅनिश, इटालियन, फारसी आदी भाषांत ही प्रश्नावली अनुवादित झाली. तथापि, समान गुण म्हणजे समान अडचण नव्हे. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांचा आवाज दुरावण्याची धास्ती असते. दुसऱ्याला मित्रमंडळींच्या गप्पांत आपण मागे पडू असे वाटते. दोघांना एकच उपाय लागू पडणार नाही. तसेच ही प्रश्नावली म्हणजे रोगनिदान नव्हे. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात गेमिंगविषयक विकाराचा समावेश आहे. नोमोफोबियाला मात्र स्वतंत्र रोग म्हणून स्थान नाही.

सामुदायिक उपाय

एकट्याने मोबाइल बंद केला, तर इतरांचे संदेश येतच राहतात आणि चिंता वाढते. सर्वांनी एकाच वेळी बंद केल्यास चुकण्यासारखे फारसे उरत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हाच मार्ग अनुसरला. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांनंतरही मुलांच्या हातून मोबाइल सुटेना, तेव्हा सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास दूरदर्शनसंच व मोबाइल बंद ठेवण्याचे ग्रामस्थांनी ठरविले. हा नियम मुलांइतकाच पालकांनाही लागू होता.

शाळा, वसतिगृहे व कुटुंबे यांनी असा ठराविक वेळ राखावा. मात्र दूरच्या विद्यार्थ्याला घरी बोलण्याची वेळही निश्चित करून द्यावी. संपर्काची हमी मिळाली की मोबाइल बाजूला ठेवणे सोपे जाते.