चंद्रवीराची सही, यंत्राचा हात

हातात नील आर्मस्ट्राँगचा फोटो, खाली झोकदार सही. खान्देशात पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, हाई सही खरी शे का?"

सही त्याचीच, हात मात्र यंत्राचा असू शकतो! चाहत्यांच्या पत्रांचा पाऊस पडू लागला, तसा नासाने 'ऑटोपेन' कामाला लावला. मूळ सहीवरून एक साचा कोरायचा. साच्याच्या कडेने यंत्राचा दांडा फिरतो आणि त्याला अडकवलेलं साधं पेन कागदावर सही करतं. शाई खरी, त्यामुळे छपाईचा संशयही येत नाही. (ओबामांनी तर २०११ मध्ये स्वतः फ्रान्समध्ये असताना एका कायद्यावर अशीच सही करवून घेतली.)

पकडायची कशी? जळगावचा सराफ दागिना भिंगाखाली धरतो, तशी सही धरा. माणूस वळणावर दाब बदलतो, शेवटचा फराटा भिरकावतो, रेघ निमुळती होत जाते. यंत्राची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. पेन टेकलं तिथे ठिपका, उचललं तिथे ठिपका. लांब रेघेत बारीकशी थरथर.

सगळ्यात पक्की खूण वेगळीच. दोन सह्या एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. तंतोतंत जुळल्या की समजायचं, यंत्र! माणसाला स्वतःची सही दोनदा हुबेहूब जमत नाही. नाही जुळल्या, तरी लगेच पेढे वाटू नका. एकाच अंतराळवीराच्या सहीचे अनेक साचे असत.

धुळ्यात नेमकं उलट. राजवाडे संशोधन मंडळात मराठेशाहीचे मोडी कागद जपलेले आहेत. अशा राजपत्रांत मजकूर कारकुनाचा, ग्वाही शिक्कामोर्तबाची. तिथे ठसा ओळखीच्या ठशाशी जुळला की कागदाचं वजन वाढतं. इथे सही जुळली की भाव कोसळतो.

आर्मस्ट्राँगसह चंद्रमोहिमेवरून परतलेले तिघेही वीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले होते. जळगावहून एका रात्रीच्या गाडीचं अंतर! तेव्हा कुणा खान्देशी पाहुण्याने समोरासमोर सही मिळवली असेल, तर ती वही रद्दीत देऊ नका. कारण आपल्या सह्यांचा बाजार मांडलेला पाहून आर्मस्ट्राँगने १९९४ च्या सुमारास सह्या देणंच थांबवलं.

तरी विकणाऱ्यांनी वाट काढलीच. त्याच्या न्हाव्याने कापलेले केस ३,००० डॉलरना विकल्याचं २००५ मध्ये उघड झालं. केस परत आण, नाहीतर पैसे दान कर, असं आर्मस्ट्राँगने वकिलामार्फत बजावलं. न्हाव्याचं उत्तर: बहुतेक पैसे तर बिलं भरण्यात गेले!