पटावर आहे, वर्गात नाही

2011 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रभर शाळांची पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर नाव असलेली पुष्कळ मुलं वर्गात नव्हतीच. कंपन्यांच्या आयटी विभागाकडेही असाच एक पट असतो. कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप, मोबाइल, टॅब एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा तो ठेवते. मायक्रोसॉफ्टची इन्ट्यून ही त्यांपैकी एक. नोंदवलेला लॅपटॉप साधारण दर 8 तासांनी तिच्याकडे हजेरी लावतो, नवे नियम घेतो, आपली स्थिती कळवतो. मग कोणी नोकरी सोडतं, कुणाच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटते, नवं यंत्र येतं. जुन्याची हजेरी थांबते. नाव पटावर तसंच राहतं.

अशी नावं साचली की हिशेब बिघडतो. सुरक्षा अपडेट न मिळालेली यंत्रं किती, याचा आकडा फुगतो आणि खरोखर धोक्यात असलेला लॅपटॉप त्या गर्दीत हरवतो. अमेरिकेतल्या मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेने जुने सर्व्हर काढायला घेतले, तेव्हा नोंदी जुळवताना 42 सर्व्हरांचा पत्ताच लागेना. ग्राहकांची माहिती असलेल्या यंत्रांच्या विल्हेवाटीतल्या अशा हलगर्जीबद्दल 2022 मध्ये तिथल्या रोखे नियामकाने तिला साडेतीन कोटी डॉलर दंड केला.

मग पट साफ करायचा. इन्ट्यूनमध्ये त्यासाठी आपोआप चालणारा नियम आहे: 30 ते 270 दिवसांमधली मुदत ठरवायची, तेवढे दिवस गैरहजर राहिलेलं उपकरण यादीतून निघतं.

ही मुदत ठरवताना मात्र माणसांचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा 26 आठवड्यांपर्यंत मिळते, म्हणजे 182 दिवस. नियम 90 दिवसांचा असेल, तर बाळंतपणासाठी घरी गेलेल्या कर्मचारी बाईंचा कपाटातला, अगदी धडधाकट लॅपटॉप मृत ठरतो.

आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. नोंद गेली म्हणजे लॅपटॉपमधला डेटाही गेला, असं नाही. हा नियम फक्त यादीतलं नाव काढतो; यंत्रातल्या फायली जागच्या जागी राहतात. हरवलेल्या लॅपटॉपमधली माहिती पुसायची असेल, तर तो वेगळा आदेश द्यावा लागतो, तोही नाव पटावर असतानाच.

सगळ्यात जपायची जागा पुढेच आहे. इन्ट्यूनशेजारी ‘एन्ट्रा’ नावाची मायक्रोसॉफ्टची दुसरी वही असते, कर्मचाऱ्यांची खाती आणि उपकरणांची ओळख नोंदवणारी. विंडोज लॅपटॉपच्या डिस्कला बिटलॉकर ही सोय कुलूप घालते; ते उघडणारी रिकव्हरी की बहुतेकदा तिथल्या नोंदीलाच जोडलेली असते. ती नोंद काढली की कीही जाते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यांतली कुलूपबंद यंत्रं दुरुस्त करताना आयटीवाल्यांना हीच की शोधावी लागली.

म्हणूनच एन्ट्रामधली नोंद आधी डिसेबल करून ठेवायची आणि काही काळ वाट पाहायची, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. डिसेबल केलेली नोंद पुन्हा चालू करता येते. एवढ्या अवधीत वापरणाऱ्याला एक फोन करावा, मनुष्यबळ विभागाकडून रजेवर गेलेल्यांची नावं घ्यावीत, गोदामातल्या यंत्रांवरचे क्रमांक यादीशी ताडून पाहावेत. यात दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. रजेवरून परतलेल्या बाईंनी कपाटातला लॅपटॉप काढून चार्जिंगला लावला, तर पहिल्याच दिवशी त्यांना काम सुरू करता यायला हवं.