पट्टी बोटाला कशी लागते? पेटी, कीबोर्ड आणि डिजिटल पियानो घेताना



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, पियानोचं आणि बचत गटाचं काय नातं? नातं कर्जाच्या रजिस्टरमध्ये आहे. ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात आपण इतकी वर्षं शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना, घरावरचे पत्रे असं लिहीत आलो. आता तिथे वाद्यंही येऊ लागली आहेत. कुठे भजनी मंडळाला पेटी हवी असते, कुठे शाळेच्या गॅदरिंगसाठी कीबोर्ड, तर एखादीची मुलगी पियानो शिकत असते. मग बैठकीत कोणीतरी विचारतंच, ‘काळ्या-पांढऱ्या पट्ट्या इथेही आणि तिथेही. मग हा दहा हजारांना आणि तो पंचेचाळीस हजारांना कसा?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पट्टीच्या खाली असतं. वरून बघून ते कळत नाही आणि दुकानदाराने बटण दाबून वाजवून दाखवलेल्या गाण्यातूनही कळत नाही.

पेटीपासून सुरू करू, कारण ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पेटीची पट्टी दाबली की तिच्यामागची एक झडप उघडते. भात्यातली हवा तिथून सुटते, पितळेची पातळ जीभ थरथरते आणि सूर निघतो. म्हणजे पट्टी हे नुसतं दार आहे. ते हळू उघडा नाहीतर धाडकन उघडा, सूर तेवढाच येतो. आवाज लहान-मोठा करणारा हात भात्यावरचा. म्हणून पेटीची पट्टी हलकी असते आणि तिने हलकंच असावं.

ही पेटी मुळात युरोपातली. तिकडे ती पायाने हवा भरून वाजवत. मांडीशी घेऊन एका हाताने भाता हलवायची पेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास बनवली असं सांगतात. आपल्याकडे संगीत नाटकांत पायपेटी आणि ऑर्गन गाजले आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मान मिळवून दिला. तरी याच पेटीला आकाशवाणीने १९४० ते १९७१ इतकी वर्षं बंदी घातली होती, कारण तिच्यात मींड निघत नाही. रेडिओवरून बोलते आहे म्हणून हे आठवलं, असो.

आता पियानो. इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० सालाच्या सुमारास तो बनवला. त्यात हवा नाही, तारा आहेत. पट्टी दाबली की दुसऱ्या टोकाला लोकर दाबून केलेल्या नमद्याचा एक छोटा हातोडा उडतो, तारेवर बसतो आणि लगेच मागे येतो. उखळात मुसळ घालणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. मुसळ हळू सोडलं तर दाणा नुसता हलतो, जोरात सोडलं तर फुटतो. पियानोचंही तसंच. बोट किती वेगाने खाली गेलं त्यावर आवाज लहान की मोठा हे ठरतं. वेगळा भाता नाही, जे करायचं ते बोटाने. आणि हातोड्याचं वजन उचलायचं असल्यामुळे पट्टीला भार लागतो. मधली पट्टी साधारण ५० ग्रॅम वजनाने खाली जायला लागते. दहा रुपयांची सहा-सात नाणी तळहातावर घेऊन पाहा, तेवढा भार. डाव्या बाजूचे, म्हणजे खर्जाकडचे हातोडे मोठे असतात, म्हणून तिकडच्या पट्ट्या जरा जड लागतात. उजवीकडे हलक्या होत जातात. पूर्ण पियानोत अशा ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या.

तिसरा प्रकार आपण ज्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतो तो. कॅसिओ हे कंपनीचं नाव. १९८० साली त्यांनी पहिला कीबोर्ड बाजारात आणला आणि पुढे आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड कॅसिओच झाला, जसा कुठलाही वनस्पती तुपाचा डबा डालडा. यात बहुधा ६१ पट्ट्या असतात आणि त्या पोकळ प्लॅस्टिकच्या, स्प्रिंगवर बसवलेल्या. बोट ठेवलं की खाली, उचललं की टणकन वर. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये तर दाराच्या बेलसारखं काम असतं. कसंही दाबा, आवाज एकच. थोडे जास्त पैसे घातले की ‘टच सेन्सिटिव्ह’ कीबोर्ड मिळतो. त्यात हळू दाबलं तर हळू वाजतं. पण पट्टीचं वजन स्प्रिंगचंच राहतं.

डिजिटल पियानो म्हणजे खऱ्या पियानोच्या बोटाचा अनुभव विजेवर देण्याचा प्रयत्न. आत तारा नाहीत, पण प्रत्येक पट्टीला जोडलेला वजनाचा एक छोटा दांडा असतो आणि पट्टी दाबली की तो उचलला जातो. याला ‘हॅमर ॲक्शन’ म्हणतात. डावीकडे जड आणि उजवीकडे हलकं ठेवलं असेल तर ‘ग्रेडेड हॅमर’. पट्टीखाली दोन किंवा तीन ठिकाणी स्पर्श ओळखणारे सेन्सर असतात. पहिला दाबला गेला आणि मग दुसरा, या दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते यंत्र मोजतं. वेळ कमी, म्हणजे बोट वेगात आलं, म्हणून आवाज मोठा. पैसे जातात ते या दांड्यांवर आणि सेन्सरवर. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण आठ ते सतरा हजारांपर्यंत येतो. वजनाच्या ८८ पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो चाळीस हजारांच्या आसपास सुरू होतो. भाव बदलतात, पण अंतर एवढं राहतंच.

आमच्या कांजूरमार्गच्या एका गटात हाच पेच आला. गटातली एक ताई पवईत घरकामाला जाते. तिची अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षं पियानो शिकते आहे. सराव घरच्या जुन्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर. क्लासला गेली की बाईंच्या पियानोवर तिची बोटं दमायची, करंगळी आणि अनामिकेचे सूर ऐकूच यायचे नाहीत. घरी पाठ झालेलं तिथे मोडायचं. बाईंनी सांगितलं, मुलीचा हात चांगला आहे, पण हलक्या पट्टीवर आणखी एक वर्ष गेलं तर हात तसाच बसेल. परीक्षेला बसवायची असेल तर वजनाची पट्टी हवी.

ताईंकडे स्वतःचे वीस हजार होते. पंचवीस हजार गटाकडून हवे होते. बैठकीत कुजबुज झाली. एक म्हणाली, हे कर्ज कमाईचं नाही. दुसरी म्हणाली, त्याच पैशात सहाशे आवाजांचा, तबला-ढोलकीसकट मोठा कीबोर्ड येतो, मग साध्या डब्याला पंचेचाळीस का? मी समन्वयक आहे, निर्णय माझा नसतो. मी एवढंच म्हटलं, ठरवायच्या आधी चौघीजणी जाऊन हात लावून या.

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणून शनिवारी गेलो. सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलाव. त्या भागात वाद्यांची जुनी दुकानं आहेत. फुर्टाडोज तर १८६५ सालापासूनचं. आमच्यातल्या एकीलाही पियानो येत नव्हता, पण पीठ मळणारा, मशीन चालवणारा हात होता. आम्ही दोन-तीन दुकानांत जे जे करून पाहिलं ते सांगते. ते कोणत्याही गावात, कोणत्याही दुकानात करता येईल.

आधी दुकानदाराला आवाज मध्यम ठेवायला सांगा, आणि जी दोन वाद्यं तुलनेला घ्याल त्यांचा आवाज सारखा ठेवा. हे महत्त्वाचं आहे. आवाज बारीक असेल तर तीच पट्टी जड वाटते आणि आवाज मोठा असेल तर हलकी. कान बोटाला फसवतो. ‘टच’ची सेटिंगही मध्यमवर आहे ना, बंद नाही ना, विचारा.

मग एकच पट्टी अगदी हळू, आवाज येईल न येईल इतकी हळू दाबा. नंतर थोडी जोरात, मग आणखी. पायऱ्या चढल्यासारखा आवाज वाढला पाहिजे. एकदम लहान आणि एकदम मोठा असे दोनच आवाज निघत असतील तर तो उपयोगाचा नाही. मोठा आवाज कोणत्याही वाद्यात निघतो, खरी परीक्षा बारीक आवाजाची.

तीच पट्टी दोन बोटांनी आळीपाळीने भराभर वाजवा. पट्टी वर यायला आळस करते का? काही सूर गळतात का? जड पट्टीत हा दोष असू शकतो. इथे एक गैरसमज सांगून टाकते. जड म्हणजे चांगलं असं नाही. दुकानात एका मॉडेलची पट्टी इतकी जड होती की मुलीने पाच मिनिटांत मनगट चोळलं. भार हवा, पण बोट उचललं की पट्टी त्याच्यामागे लगेच वर यायला हवी.

पुढची तपासणी फार कोणी करत नाही. पांढरी पट्टी पुढच्या टोकाला दाबा, मग तीच पट्टी आत, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाबा. दारही बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, तसंच हे. स्वस्त मॉडेलमध्ये पट्टी आतून आखूड असते, म्हणून मागे दाबताना बोट अडतं. पुढे शिकणाऱ्या मुलीची बोटं सारखी त्या जागेत जातात. आमच्या मुलीला एक मॉडेल नापसंत पडलं ते याच कारणाने, आणि ते तिचं तिलाच कळलं.

शेवटी आवाजाचं बटण पूर्ण बंद करून वाजवा. पट्ट्यांचा ठकठक आवाज किती येतो ते ऐका. आमच्या चाळीत भिंतीला भिंत आहे. हेडफोन लावला की सूर शेजारी जात नाही, पण ठकठक स्टँडमधून जमिनीत आणि जमिनीतून खालच्या खोलीत जाते. खाली जाड सतरंजी किंवा रबराची मॅट लागतेच. स्टँडही हलवून बघा. फुलीसारख्या घडीच्या स्टँडवर वजनाची पट्टी वाजवली की सगळं डुलतं, आणि डुलणाऱ्या वाद्यावर कुठलाच हात बसत नाही.

पट्टीवर हातही फिरवा. चकचकीत पट्टी मुंबईच्या घामात निसरडी होते, किंचित खरखरीत असलेली बरी.

हे सगळं आम्ही चौघींनी केलं. मग मुलीने आपला एकच धडा तीन वाद्यांवर वाजवला आणि आम्ही पाठ करून उभ्या राहिलो. तिसऱ्यावर करंगळीचा सूर ऐकू आला. ज्या ताई सहाशे आवाजांच्या बाजूने होत्या त्यांनीच मान हलवली. त्या पियानोत आवाज मोजके दहा होते, ढोलकी नव्हतीच.

पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं. पंचवीस हजार, दरमहा एक टक्का, घटत्या बाकीवर, वीस हप्ते. मुद्दल दरमहा १,२५०. पहिल्या महिन्यात व्याज २५०, म्हणजे हप्ता १,५००, आणि मग दरमहा साडेबारा रुपयांनी कमी. एकूण व्याज २,६२५, तेही गटातच राहणार. कमाईचं कर्ज नाही हा आक्षेप काही खोटा नव्हता. म्हणूनच ताईंच्या दोन महिन्यांच्या खर्चाचा हिशोब आधी बघितला, हप्ता पेलतो का ते तपासलं आणि जामीन म्हणून दोघी उभ्या राहिल्या. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज म्हणून ते रजिस्टरला लिहिलं. माझ्या मते ते तसंच आहे.

पण हे ऐकून गावच्या भजनी मंडळाने डिजिटल पियानो घेऊ नये. मागे एका गटाने विचारलं होतं की पेटीऐवजी पियानो घेतला तर ‘जास्त चांगलं’ नाही का? नाही. भजनाला सूर धरून ठेवावा लागतो. पियानोचा सूर वाजला की विरत जातो, पेटीचा भाता चालेल तोवर टिकतो. शिवाय पेटीला वीज लागत नाही आणि ती रिक्षात मांडीवर मावते. डिजिटल पियानो जवळपास साडेचार फूट लांब आणि अकरा-बारा किलोचा. काही मॉडेल सेलवर चालतात, बरीच नाहीत, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात हे आधी विचारावं.

पेटी घेताना तपासणी वेगळी. भाता भरून सगळ्या खुंट्या बंद करा, हवा किती वेळ टिकते बघा. मग खुंट्या उघडून एकही पट्टी न दाबता भाता हलवा. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर झडप नीट बसलेली नाही. सगळ्या पट्ट्या एका पातळीत आहेत का, बाजूला डुगडुगतात का, आणि सगळ्या सारख्याच हलक्या आहेत का ते पाहा. गाणाऱ्या बायकांना सोबत न्या. त्यांचा आवाज काळी चारचा की पांढरी पाचचा ते गाऊनच ठरवा. घरी आल्यावर पेटी झाकून ठेवा, कारण आतलं चामडं आणि कापड उंदीर आणि कसर दोघांनाही आवडतं.

लहान मुलांच्या गॅदरिंगला, गाण्याच्या चाली बसवायला, ताल लावून समूहगीत म्हणायला साधा कीबोर्ड पुरतो. त्यात ‘टच’ आहे ना, एवढं मात्र बघून घ्या, कारण त्यावरच एखाद्या मुलाला पुढे पियानो शिकावासा वाटू शकतो. सुरुवातीचं वर्ष-दीड वर्ष अशा कीबोर्डवर चालतं. मूल टिकतं का हे कळायलाही तेवढा वेळ जाऊ द्यावा.

जुनं वाद्य मिळत असेल तर पैसे वाचतात, पण मग एकेक करून सगळ्या ८८ पट्ट्या दाबा, आधी हळू, मग जोरात. धूळ गेली असेल तर एखादी पट्टी सारखाच दाब दिला तरी एकदम ओरडते किंवा गप्प बसते. मधल्या दोन सप्तकांकडे जास्त लक्ष द्या, सगळ्यात जास्त झिजलेल्या पट्ट्या तिथल्याच असतात.