समोरचा तगडा हवा! – 'ड्रॅगन बॉल' या जपानी मांगामधील स्पर्धा, मैत्री आणि डावपेच



मुलांच्या वहीचं शेवटचं पान उघडून बघा. पूर्वी तिथे फुली-गोळा असायचा. आता तिथे ताठ उभ्या केसांचा एक मुलगा असतो, दोन्ही तळवे पुढे केलेले आणि त्यातून प्रकाशाचा झोत निघालेला. चौथीतल्या कुठल्याही पोराला विचारा हा कोण, लगेच उत्तर येतं, "गोकू!" आणि पालकसभेत याच चित्रावरून तक्रार येते, की मारामारीचं बघून मुलं मारामारी करतात. तक्रार अगदीच खोटी नाही. मधल्या सुट्टीत ते दिसतंच. पण त्या मारामारीत नेमकं काय चाललेलं असतं, लढणारे एकमेकांशी कसे वागतात, हे आपण मोठ्यांनी कधी नीट पाहिलेलं नसतं. आज तेच पाहूया.

आधी थोडी माहिती. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्या-पांढऱ्या रंगात छापलेली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. 'ड्रॅगन बॉल' ही मांगा अकिरा तोरियामा यांनी लिहिली आणि काढली. १९८४ ते १९९५ अशी अकरा वर्षे ती 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात येत होती. एकूण ५१९ प्रकरणे, त्यांचे ४२ खंड. शोनेन म्हणजे मुलगा, म्हणजे हे मुलांसाठीचं साप्ताहिक. टीव्हीवर आपण पाहतो ते याच कथेवरून केलेलं कार्टून. तोरियामा मार्च २०२४ मध्ये वारले. नायकाचं नाव सोन गोकू. हे नाव चीनच्या जुन्या कथेतल्या वानरराजाचं, सुन वुकोंगचं, जपानी उच्चारातलं रूप आहे. म्हणूनच लहानपणीच्या गोकूला शेपूट आहे आणि हातात काठी आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. गोकूला पहिला जोडीदार मिळतो तो क्रिलिन. दोघे मुतेन रोशी नावाच्या म्हाताऱ्या गुरूकडे शिकायला येतात. आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पोराला लगेच डाव शिकवत नाही, आधी माती खणायला लावतो, तसंच इथे आहे. पहाटे घरोघर दूध पोचवायचं, नुसत्या हातांनी शेत नांगरायचं, बांधकामावर काम करायचं. आणि हे सगळं पाठीवर २० किलोचं कासवाचं कवच बांधून! पुढे ते कवच ४० किलोचं होतं. मारायचा एकही डाव गुरू शिकवत नाही.

सुरुवातीला क्रिलिन लबाड असतो. गुरू दगड लांब फेकतो आणि जो तो आधी शोधून आणेल त्याला जेवण, अशी अट असते. क्रिलिन फसवाफसवी करतो. पण रोज पहाटे एकाच रस्त्यावर एकत्र धावणाऱ्या माणसाला किती दिवस फसवणार? काही महिन्यांत दोघे घट्ट मित्र होतात. एकाच कवचाचं वजन दोघांच्या पाठीला माहीत असतं.

मग येते कुस्तीच्या मैदानासारखी मोठी स्पर्धा, 'तेनकाइची बुदोकाई'. नियम साधे. चौथऱ्याबाहेर पाय पडला की हार, दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही तर हार, हार कबूल केली तर हार. आणि प्रतिस्पर्ध्याला ठार मारलं तर बाद. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

इथल्या दोन लढती मला वर्गात सांगायला फार आवडतात. पहिलीत क्रिलिनसमोर बॅक्टेरियन नावाचा माणूस असतो. तो अंघोळच करत नाही. त्याच्या घाणेरड्या वासाने क्रिलिन गारद होतो, आडवा पडतो. तेव्हा बाहेरून गोकू ओरडतो, "अरे, तुला नाकच नाही!" खरंच की! तोरियामांनी क्रिलिनला नाक काढलेलंच नाही. क्रिलिनच्या ते लक्षात येतं आणि तो उठून लढत जिंकतो. विनोद आहे, मुलं खो खो हसतात. पण विनोदाच्या आत काय आहे बघा. लढणाऱ्याला स्वतःबद्दल जे आठवत नाही ते बाहेर उभ्या जोडीदाराला आठवतं.

दुसरी लढत पुढच्या स्पर्धेतली. क्रिलिनसमोर चाओझू नावाचा छोटा, पांढऱ्या चेहऱ्याचा मुलगा. तो दोन्ही हात पुढे रोखून मनाच्या ताकदीने समोरच्याच्या पोटात कळ आणतो. ताकदीने त्याला हरवणं कठीण. क्रिलिन काय करतो? त्याला बेरीज-वजाबाकी विचारतो! चाओझू गणितात कच्चा, बोटं मोडून हिशेब करणारा. बोटं हिशेबात गुंतली की हात खाली, हात खाली आले की कळ बंद. तेवढ्यात क्रिलिन ठोसा मारतो. (दुसरीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं पाठांतराला बसतात. माझा अनुभव!) याला म्हणतात डावपेच. समोरच्याची ताकद कुठून येते ते आधी ओळखायचं आणि तिथेच पाचर मारायची. त्यासाठी समोरच्याकडे नीट बघावं लागतं. रागाने डोळे लाल करून बघणाऱ्याला हे दिसत नाही.

पहिल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत गोकूसमोर जॅकी चुन नावाचा म्हातारा असतो. हा दुसरा कोणी नसून वेष बदलून आलेला मुतेन रोशीच आहे. कारण? आपले शिष्य इतक्या लहान वयात जिंकले तर फुगतील, पुढचं शिकणं थांबेल, ही भीती. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तो असा. दोघांच्या लाथा एकाच वेळी बसतात, दोघेही पडतात, आणि आधी उठून उभा राहतो तो म्हातारा. गोकू हरतो. आणि हरल्यावर त्याला कळतं की आपल्यापेक्षा बलवान लोक जगात आहेत. आनंदच होतो त्याला! हा आनंद या कथेचं इंजिन आहे. गोकूला जिंकण्यापेक्षा तगडा समोरचा हवा असतो.

त्याच्या पुढच्या स्पर्धेत गोकूसमोर तेनशिनहान येतो, तीन डोळ्यांचा. हा विरोधी गुरूचा शिष्य. गर्विष्ठ आहे, हरलेल्या यामचाचा पाय मोडणारा. अंतिम लढतीत त्याचा गुरू चाओझूला बाहेरून गोकूचं अंग जखडून टाकायला सांगतो. तेनशिनहानच्या हे लक्षात येतं तेव्हा विजय त्याच्या हातात आलेला असतो. पण तो आपल्याच गुरूला अडवतो. मला याला माझ्या बळावर हरवायचंय, असं त्याचं म्हणणं. शेवटी तोच जिंकतो, तेही नशिबाने. दोघे आकाशातून खाली पडत असताना गोकू मध्येच एका ट्रकवर आपटतो आणि आधी जमिनीला टेकतो. पण त्या दिवसापासून तेनशिनहान गोकूचा मित्र होतो. मैत्री लढतीनंतर झाली असं आपल्याला वाटतं. माझ्या मते ती गुरूला 'नाही' म्हटलं त्या क्षणी झाली, लढत चालू असतानाच.

यापेक्षा कठीण उदाहरण पिकोलोचं. हा तर गोकूचा जन्माचा वैरी, त्याला ठार मारण्यासाठीच वाढलेला. गोकू त्याला स्पर्धेत हरवतो आणि मरू देत नाही, उलट औषधी बी खायला देऊन बरा करतो. पाच वर्षांनी अंतराळातून राडित्झ येतो, दोघांपेक्षाही बलवान, आणि गोकूच्या लहान मुलाला, गोहानला, उचलून नेतो. मग हे दोन वैरी एकत्र लढायला जातात. मैत्री म्हणून नाही बरं का, हिशेब म्हणून.

शेवटी उपाय एकच उरतो. गोकू राडित्झला मागून घट्ट धरून ठेवतो आणि पिकोलोला म्हणतो, मार. पिकोलोचा किरण दोघांच्याही छातीतून आरपार जातो. आता विचार करा, त्या जागी क्रिलिन असता तर? मित्राचा हात थरथरला असता. तो डाव फक्त वैऱ्याच्या भरवशावरच टाकता येत होता. समोरचा काय करेल हे इतकं पक्कं माहीत असणं, यालाही एक प्रकारचा विश्वासच म्हणायचा. पुढे हाच पिकोलो गोहानला शिकवतो, आणि वर्षभराने नाप्पाचा वार त्या पोरावर येतो तेव्हा आडवा उभा राहून स्वतः मरतो.

राडित्झच्या डोळ्यावर एक यंत्र असतं, स्काउटर. समोरच्याची ताकद आकड्यात दाखवणारं. शेतात भेटलेल्या शेतकऱ्याची ताकद ५. पिकोलोची ३२२, गोकूची ३३४. राडित्झ हसतो. मग दोघे अंगावरचे वजनदार कपडे काढतात, आकडे ४०८ आणि ४१६ होतात. तरी तो हसतो. पण पृथ्वीवरचे लढवय्ये ताकद आत दाबून ठेवतात आणि हव्या त्या क्षणी एका ठिकाणी गोळा करतात, हे त्याला माहीत नसतं. यंत्र फक्त त्या घडीचा आकडा सांगतं. पालकहो, गुणपत्रिका हातात आली की मला हे यंत्र आठवतं, जास्त बोलत नाही.

ही युक्ती सगळ्यात चांगली कोण शिकतो माहितीये? शत्रू व्हेजिटा. पृथ्वीवर मार खाल्ल्यावर तो यंत्राशिवाय ताकद ओळखायला आणि लपवायला शिकतो, आणि नामेक ग्रहावर फ्रीझाच्या यंत्रावर विसंबलेल्या लोकांना त्याच विद्येने हरवतो. शिकवणी गोकूच्या बाजूची, फी मारामारीत भरलेली!

व्हेजिटाचा प्रसंग मात्र सोपा नाही. तो आणि नाप्पा मिळून आले, त्या लढाईत यामचा, चाओझू, तेनशिनहान, पिकोलो मेले. शेवटी व्हेजिटा जखमी होऊन सरपटत पळतोय, क्रिलिनच्या हातात तलवार आहे, आणि गोकू त्याला थांबवतो. मला याच्याशी पुन्हा लढायचंय, म्हणून सोडून दे. क्रिलिन सोडतो. मला हे आजही पटत नाही. तगडा समोरचा हवा ही हौस गोकूची, आणि तिची किंमत मोजलेली इतरांनी. पुढच्या कथेत व्हेजिटा कामाला येतो, कुटुंबवत्सल होतो हे खरं, पण त्या क्षणी गोकूला हे कुठे माहीत होतं? वर्गात यावर दोन गट पाडून चर्चा घ्या, अर्धा तास कसा जातो कळत नाही.

व्हेजिटा राजपुत्र आहे. आपल्यापेक्षा खालच्या कुळातला गोकू आपल्या पुढे जातो हे त्याला वर्षानुवर्षे सहन होत नाही. फ्रीझाने त्याला मारलं तेव्हा मरता मरता तो डोळ्यांत पाणी आणून गोकूलाच सांगतो, तू त्याला हरव. कथेच्या अगदी शेवटी, बूशी झुंजणाऱ्या गोकूकडे बघत तो मनातल्या मनात कबूल करतो की हा माझ्यापेक्षा सरस आहे. ही कबुली द्यायला त्याला शेकडो प्रकरणं लागली. याउलट फ्रीझा. दुसरा कोणी वरचढ होईल या भीतीने त्याने सायन लोकांचा अख्खा ग्रहच उडवून दिला. त्याला सराव करताना आपण कधी पाहत नाही. समोर कोणी ठेवलाच नाही, तर सराव कोणाबरोबर करणार?

एक सांगायला हवं. कथा पुढे सरकते तसे डावपेच कमी होत जातात. केसांचा रंग बदलला की ताकद वाढली, असं होऊ लागतं. नाक नसलेला क्रिलिन आणि बोटं मोजणारा चाओझू मागे पडतात. आणि ड्रॅगन बॉल सात गोळा केले की मेलेली माणसं परत येतात, त्यामुळे मरणाचं वजनही कमी होतं.

ज्यांना ते वजन समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी याआधीची एक मांगा आहे, 'अशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो'. लेखक आसाओ ताकामोरी, चित्रकार तेत्सुया चिबा. १९६८ ते १९७३ या काळात ती 'वीकली शोनेन मॅगझिन' मध्ये आली. जो हा अनाथ, वस्तीतला मुलगा. बालसुधारगृहात त्याची गाठ तोरु रिकिइशीशी पडते आणि तिथूनच दोघांची चुरस सुरू होते. दोघे व्यावसायिक बॉक्सर होतात, पण अडचण अशी, की बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. जो बारीक, बँटमवेट गटातला, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न किलोपर्यंतचा. रिकिइशी उंच आणि जड. दोघांची लढत होणंच शक्य नाही.

मग रिकिइशी स्वतःचं वजन उतरवायला घेतो. अन्न तोडतो, मग पाणीही. तहानेने वेडापिसा होऊन रात्री तो नळ शोधतो, तर प्रत्येक नळ तारेने बांधून ठेवलेला असतो. योको त्याला कपभर कोमट पाणी आणून देते. तो तिचे आभार मानतो आणि ते पाणी ओतून टाकतो. लढत होते. रिकिइशी अपरकटने जोला हरवतो, आणि त्यानंतर लगेच मरतो.

मांगातला तो मुलगा गेला म्हणून २४ मार्च १९७० रोजी तोक्योमध्ये प्रकाशक कोदान्शाच्या इमारतीत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शुजी तेरायामा यांनी तो घडवून आणला, आणि सुमारे ७०० लोक आले.

कथेत जो पुढे लढत राहतो, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर ठोसा मारणं त्याला जमेनासं होतं. हात उठतो आणि तिथेच थांबतो. प्रतिस्पर्ध्यांना ते कळतं, आणि तो हरत जातो. यातून त्याला बाहेर काढतो तो व्हेनेझुएलाहून आलेला कार्लोस रिव्हेरा. तोही बॉक्सरच, आणि तोही जोला हरवायलाच आलेला.