रिकाम्या खुर्चीत बसलेला माणूस

मिस्टर क्लिफर्ड रंगमंचावर एकदाही येत नाहीत. येतात त्या तीन बायका: त्यांची सेक्रेटरी, त्यांची पत्नी आणि त्यांच्यावर जीव असलेली तिसरी. तिघींचं बोलणं संपेपर्यंत हा न दिसलेला माणूस आपल्या चांगला ओळखीचा झालेला असतो. या तिघी म्हणजे एकच नटी, रूथ ड्रेपर. लिहिलेलंही तिनंच.

न्यूयॉर्कच्या एका सुखवस्तू डॉक्टरांच्या घरी १८८४ साली ती जन्मली. आधी ओळखीच्यांच्या दिवाणखान्यांत, मदतनिधीच्या कार्यक्रमांत नकला केल्या. व्यावसायिक नटी म्हणून लंडनमध्ये उभी राहिली ती थेट १९२० साली, पस्तिशीत. हेन्री जेम्ससारख्या कादंबरीकारानं खास तिच्यासाठी एक स्वगत लिहून दिलं होतं. तिनं ते कधीच केलं नाही. मला यात उद्धटपणा दिसत नाही. तिच्या लेखनाची जातच वेगळी होती.

एकपात्री म्हटलं की आपल्याला ‘बटाट्याची चाळ’ आठवते. तिथं पु. ल. सांगतात आणि सांगता सांगता एकेक बिऱ्हाड आपल्या तोंडून बोलतं करतात. रूथ बहुतेकदा एकच बाई होऊन राही. बाकीच्यांच्या वाट्याला तिनं शब्दच ठेवले नव्हते. ‘द इटालियन लेसन’मधली श्रीमंत बाई शिक्षिकेसमोर दान्ते वाचायला बसते. तेवढ्यात मुलं येतात, स्वयंपाकाचं विचारायला कुणी येतं, फोन वाजत राहतो. या कुणाचंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, तरी कोण काय म्हणालं ते नेमकं कळतं! कसं? नजर खाली झुकली की समोर मूल उभं राहतं. मधली शांतता समोरच्याच्या उत्तराइतकीच लांब असते. आणि पुढचं वाक्य असं बेतलेलं, की न ऐकलेलं उत्तर त्यातून उलगडावं. संवाद अर्धाच लिहायचा आणि उरलेला अर्धा प्रेक्षकाच्या मनात उमटवायचा! दुसऱ्यानं लिहिलेल्या स्वगतात या मोकळ्या जागा तिला कुठून मिळणार?

सामान म्हणाल तर मागे पडदा, एखादं टेबल, चार खुर्च्या, एक शाल, एक टोपी. एका प्रवेशातली परदेशी नटी तर रूथनं स्वतः रचलेल्या, जगात कुठंच नसलेल्या भाषेत बोलते. तरी तिचा राग, तिचा लाडिकपणा प्रेक्षकांना समजे.

डिसेंबर १९५६मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तिचे प्रयोग सुरू होते. रात्रीचा प्रयोग आटोपून ती घरी गेली आणि झोपेतच गेली.

त्याआधी दोन वर्षं तिनं काही स्वगतं ध्वनिमुद्रित केली होती. त्यांत नजर नाही, शाल नाही, नुसता आवाज. तो मध्येच थांबतो. दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येत नाही, आणि त्या सेकंदांत कुणीतरी तिला उत्तर देत असतं.